उलटं कुलूप, आडवं कुलूप

किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद मला लागला तो टेबलावरच्या व्हाइसमध्ये. पितळी सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, घट्ट पकडलेला, पिना वरच्या अंगाला, किल्लीची फट बरोबर डोळ्यांसमोर. पिना म्हणजे आतल्या बारीक दांड्या; त्या सगळ्या नेमक्या जागी सरकल्या की कुलूप फिरतं. या छंदाच्या व्हिडिओंतही बहुतेक हेच दिसतं, कारण अमेरिकेत दाराचे सिलिंडर पिना वर ठेवूनच बसवतात. पाच पिनांचं साधं कुलूप असं हमखास उघडायला लागल्यावर मी पुण्याच्या बोहरी आळीतून आमच्या फ्लॅटच्या दाराला असतो तसला युरो सिलिंडर आणला. तो नेमका उलटा. वर गोल भाग, त्यात किल्लीची फट, खाली सुटलेलं पोट आणि त्या पोटात पिना नि स्प्रिंगा. तीच हत्यारं, तीच बोटं, पण काही केल्या उघडेना.

आधी एक सांगून टाकतो. कुलूप स्वतःचंच हवं आणि ते रोजच्या वापरातलं नको, हे या छंदातले दोन नियम मी पाळतो. हत्यारं घराबाहेर नेत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं (1951) कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सबळ कारणाशिवाय घरफोडीची साधनं जवळ बाळगणाऱ्यालाही लागू होतं, आणि 'छंद आहे हो साहेब' हे रात्री अकराला नाक्यावर कोणाला पटवायचं! सरावाची कुलपं मी नवी घेतो, नाहीतर रविवारी जुन्या बाजारातून उचलतो.

तर उलटं कुलूप. माझा पहिला संशय गुरुत्वाकर्षणावर होता: पिना खाली पडत असणार, म्हणून हिशेब बदलतो. तो बरोबर निघाला नाही. पितळेची ती पीन अर्ध्या ग्रॅमचीही नसते आणि तिच्यामागच्या स्प्रिंगचा दाब तिच्या वजनाच्या कितीतरी पट. स्प्रिंग धड असेल तर पिनेला वर काय नि खाली काय, काही कळत नाही. स्प्रिंग मोडली तर मात्र फरक पडतो. पिना वर असल्या तर त्या आपल्याच वजनाने किल्लीवर येऊन बसतात आणि कुलूप कसंबसं चालत राहतं. पिना खाली असल्या तर त्या भोकातच बसून राहतात. शिवाय धूळ आणि पावसाळी ओल त्याच भोकांत साचते. आपल्याकडे कुलपात खोबरेल सोडायची सवय आहे. ते थंडीत थिजतं आणि या खालच्या भोकांत चिकटून बसतं. ग्राफाइटची पूड बरी.

गुरुत्वाकर्षण खरं काम करतं ते माझ्या हातावर. पिना वर असताना पिकने, म्हणजे पिना सरकवायच्या बारीक सळीने, त्या उचलायच्या असतात, म्हणजे हाताचं वजन आपोआप लगाम घालतं. पिना खाली असल्या की दाबायच्या असतात, आणि मनगटाचं सगळं ओझं पिकवर येतं. पीन हवी त्याहून जरा जास्त दबली की जोडीतली किल्लीच्या बाजूची पीनच सीमारेषेत, म्हणजे फिरणारा गाभा आणि बाहेरचं अंग यांच्या सांध्यात, अडकते आणि गाभा फिरवायला दिलेला ताण सैल केल्याशिवाय सुटत नाही. मग मी करंगळी व्हाइसच्या कडेवर टेकवायला लागलो. हात टेकला की बोटांत फक्त पिक उरतो. एवढ्यानेच निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं टेन्शन रेंचचं, म्हणजे तो ताण देणाऱ्या वाकवलेल्या पट्टीचं. पिना वर असताना तो मी फटीच्या खालच्या कडेला अडकवायचो. उलट्या सिलिंडरमध्ये मोकळी कड वर जाते. रेंच तिथे लावला की पिकला जागा कमी पडते, विशेषतः फट नागमोडी असली तर. म्हणून चपटा रेंच पिनांच्याच कडेला, पहिल्या पिनेच्या अलीकडे बसवला. फट अख्खी मोकळी झाली.

आणखी एक गंमत युरो सिलिंडरची. तो अर्धा फेरा फिरला की फटीची उघडी कड पिनांच्या समोर येते आणि त्यांतली एखादी उसळून फटीत घुसते. उघडलेलं कुलूप अर्ध्यावर अडतं. तिथे पोचल्यावर घाई न करता पिकने पिना बाहेर सारत पुढे जायचं.

मग मी एका जाड फळीवर सिलिंडर बसवले: एक सरळ, एक उलटा, एक आडवा, आणि फळी भिंतीला ठोकली. आडव्याने वेगळंच शिकवलं. फट उभी असताना रेंचचा दांडा आडवा बाहेर येतो आणि त्याचं वजनच थोडा ताण देतं, नाहीतर थोडा खातं. फट आडवी झाली की दांडा सरळ खाली लोंबतो आणि वजनाचा हिस्सा शून्य. मला नकळत मिळणारी मदत तिथे बंद झाली होती. तेव्हापासून कुठल्याही कुलपावर आधी रेंच नुसता लावून सोडून बघतो, तो कुठे झुकतो ते.

आमच्या कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्या काकांना फळीचा फोटो दाखवला. विचारलं, उलटं आलं तर तुम्ही काय करता? म्हणाले, "दार काय हलणार आहे का? मीच बसतो खाली." त्यांचं खरं आहे. युरो सिलिंडरसमोर मी आता पाटावर बसतो, कोपर फटीपेक्षा खाली राहील असा. मनगट सरळ राहिलं की बोटांना पिनेची टकटक कळते, वाकलं की कळत नाही. ड्रॉवरच्या छोट्या कुलपांना हे फारसं लागू नाही. त्यांत पिनांऐवजी पातळ पत्र्या असतात आणि कशीही बसवा, पटकन मानतात.

सर्वांत जास्त छळलं ते लोंबत्या कुलपाने. हातात धरलेलं पॅडलॉक सोपं. एका हाताचं बोट रेंचवर, दुसऱ्या हातात पिक. पण कडीत अडकवलं की फट जमिनीकडे बघते, पिना आडव्या सरकतात आणि हत्यारं सुटून पायाशी पडतात. वर कुलूप झुलतं, त्यामुळे दिलेला ताण झुलण्यातच जातो. यावर उपाय दोन. रेंचच्या टोकाला जरासा बाक द्यायचा, म्हणजे तो घट्ट बसतो. आणि तळहाताने कुलपाचं अंग चौकटीवर दाबून धरायचं. खाली वाकून फटीत बघायचा मोह होतो, पण मान अवघडते आणि दिसत तसंही काही नाही.

सध्या फळीवर एक पॅडलॉक गुडघ्याच्या उंचीला लावलंय, दुकानाच्या शटरला असतं तसं. त्यात सहावी पीन आहे आणि मांडी घालून बसल्यावर उजवा हात भिंतीला लागतो, म्हणून आता डाव्या हाताने पिक धरायचा सराव चालू आहे.