परवानगी काढून चढलेलं कुलेब्रा

कोलोरॅडोत 14,000 फुटांवरची पन्नासाहून जास्त शिखरं आहेत. बहुतेकांच्या पायथ्याशी गाडी लावायची आणि चालायला लागायचं. कुलेब्राचं तसं नाही. न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळचं हे 14,047 फुटांचं शिखर सिएलो व्हिस्टा रँच या खासगी मालमत्तेत येतं. रँच 80 हजार एकरांच्या वर. त्यामुळे आधी तारीख मिळवायची, माणशी 150 डॉलर भरायचे आणि मगच डोंगराचं नाव काढायचं. उन्हाळ्यातले ठरावीक दिवस, त्यातही मोजकी माणसं. मी आणि मैत्रिणीने हिवाळा संपायच्या आतच जागा धरून ठेवल्या.

आदल्या रात्री पायथ्याच्या सान लुइस गावात राहिलो. 1851 साली वसलेलं हे कोलोरॅडोतलं सर्वांत जुनं गाव. इथे आलात तर घाईने पुढे जाऊ नका. मेक्सिकोच्या राजवटीत 1844 साली हा मुलूख इनाम म्हणून दिला गेला. पुढे वस्ती करायला आलेल्यांना 1863 च्या दस्ताने डोंगरावर चराई, सरपण आणि लाकूडतोडीचे हक्क मिळाले. 1960 मध्ये जॅक टेलर नावाच्या लाकूड व्यावसायिकाने सुमारे 77 हजार एकर विकत घेतले आणि गावाची वाट अडवली. गावकरी 1981 साली कोर्टात गेले. 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते हक्क मान्य केले, तरी वारस कोण हे ठरवायला आणखी बरीच वर्षं गेली. आज त्या वारसांकडे फाटकाच्या किल्ल्या आहेत. सह्याद्रीत कुणाच्या भातखाचराच्या बांधावरून जाताना ‘काका, वाट कुठून?’ एवढं विचारलं की भागतं. त्या सवयीच्या मला हा सगळा इतिहास वाचून फार अस्वस्थ व्हायला झालं. माझ्या पावतीपेक्षा त्यांचा हक्क कितीतरी जुना आहे.

पहाटे फाटकापाशी गाड्यांची रांग लागली. नावं तपासली गेली आणि जबाबदारी-मुक्तीच्या कागदावर सह्या झाल्या. या सहीमागे कारण आहे. जमीन फुकट फिरायला दिली तर अपघाताच्या दाव्यापासून मालकाला इथल्या कायद्याचं बरंच संरक्षण मिळतं. पैसे घेतले की ते उरत नाही. फुकट देणारेही धास्तावलेले असतात. डेमोक्रॅट आणि लिंकन ही शिखरं 2023 मध्ये मालकाने याच भीतीने काही काळ बंद ठेवली होती. 2024 साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला.

गाडी साधारण 11,000 फुटांपर्यंत जाते. पुढे मळलेली वाट नाही. गवताळ उतारावर एकामागे एक न चालता पांगून चालायचं, म्हणजे वाट पडत नाही. इतकं अखंड गवत आणि त्यात रानफुलं मी इथल्या दुसऱ्या कुठल्याही शिखरावर पाहिली नाहीत. गर्दी नसल्याचा हा फायदा खरा आहे, आणि तो कुणाला बाहेर ठेवून मिळाला हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच मी चढत होते.

धारेवर पोचलात की दगडांचा मोठा ढीग दिसेल. ती जागा नीट लक्षात ठेवा, कारण धुक्यात उतरताना कुठे वळायचं ते त्यावरूनच कळतं. पुढे धार वळत जाते, मोठाले धोंडे लागतात आणि माथा आला असं वाटतं तेव्हा तो अजून पुढेच असतो. खऱ्या माथ्यावरून उत्तरेला ब्लांका शिखर आणि पश्चिमेला सान लुइसचं अफाट खोरं दिसलं. श्वास पुरत नव्हता, तरी आम्ही दोघी हसत होतो.

शेजारचं रेड माउंटन, 13,908 फुटांचं, त्याच परवानगीत करता येतं. ढग भरून यायला लागले होते. दुपारी इथे विजा पडतात, म्हणून ते सोडून दिलं आणि उतरून फाटकावर परतल्याची नोंद केली.