झोळी घेऊ नका

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू आपल्या माणसांना गावोगाव पाठवतो तेव्हा त्यांना बजावतो की थैली, झोळी, वहाणा काही घेऊ नका, आणि वाटेत कोणाला सलाम करत बसू नका. आमच्या मंडळीतले सात जण मिशनच्या कामाला केनियाला निघालो त्या दिवशी पाळकसाहेबांनी निरोपाच्या प्रार्थनेत नेमका हाच भाग वाचला. समोर चौदा बॅगा मांडलेल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. भक्तीने की हसू दाबायला, ते प्रभूलाच ठाऊक.

विमानवाल्यांचा हिशेब साधा होता. मोठी बॅग २३ किलो, हातातली ७. पण अचलपूरकडच्या आमच्या गावात एवढं वजन करणारा काटा एकच, कापसाच्या व्यापाऱ्याकडचा. दिवाळी नुकतीच झालेली, वेचणी जोरात. म्हणून कापसाच्या गाठोड्यांमागे आमच्या बॅगांची रांग लागली. काट्यावरच्या पोराने माझी बॅग चढवली आणि ओरडला, "बाई, सव्वीस किलो चारशे! कटती धरू का?" व्यापाऱ्याने वजनातून क्विंटलमागे कटती कापली की वडील दिवसभर घुश्शात असायचे. मला मात्र त्या दिवशी ती मनापासून हवीशी वाटली.

खरं सांगायचं तर माझं स्वतःचं सामान अकरा किलोंच्या वर नव्हतं. कपडे, बायबल, रंगीत खडू, मलमपट्टीचं थोडं साहित्य. बाकीचं गावाने भरलं. जवसाची चटणी, मुंगवड्या, ज्वारीचे धापोडे (मोडू नयेत म्हणून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात), आणि लिंबाचं लोणचं. त्या बरणीला तीन पिशव्या, वर सुतळी, सुतळीवर जुन्या ओढणीचा तुकडा. एवढं करूनही झाकणाच्या कडेने तेलाचा एक थेंब डोकावतच होता. मी पुसायची, तो परत यायचा.

सलामांचं तर विचारूच नका. मोठीमायच्या ओसरीवर अर्धा तास गेला.

"काऊन वं, तिकडं भाकर भेटते का नाई?"

"मक्याच्या पिठाची उगाली असते म्हणे. आपल्या घाट्यासारखी."

"मंग आपल्यासारखंच हाय. मंग जातं कायले?"

तीन महिने बैठका घेतल्या, प्रार्थना केल्या, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "शाळा रंगवायची आहे, माय." ती म्हणाली, "आपली कोनं रंगवली?" मी चहा संपवला.

आमच्याकडे मिशन हा शब्दच बाहेरून आलेला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आले. रेल्वे तिथे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे मुंबईपासूनची सगळी वाट त्यांनी रुळांशिवाय काढली. शाळा काढली, फावल्या वेळात इथले दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना नाल्यात बुडून गेले. मिशनचा दवाखाना, मिशनचं बोर्डिंग, मिशनचा बंगला हे सगळं गावाच्या तोंडी रुळलेलं, पण मिशन इथून बाहेर निघालंय हे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे अशा लोकांना निरोप कसा द्यायचा याची रीतही कोणाकडे नव्हती. मग गावाने येत असलेली एकच रीत वापरली, लेक सासरी पाठवायची. डबे भरले, डोळे पुसले, पोचल्याचा फोन कर म्हणून सांगितलं. शेजारच्या वहिनींनी हातावर दहीसाखर ठेवली. पाळकसाहेबांनीही खाल्ली, वर बोटं चाटली.

परतवाड्याहून एसटीने अमरावती, तिथून संध्याकाळची मुंबईची गाडी. तिला आम्ही सगळे अंबा एक्स्प्रेसच म्हणतो. अंबादेवीच्या नावाची गाडी, वाटेवर शेगाव, आणि डब्यात प्रार्थना करून निघालेले आम्ही. विदर्भातल्या माणसाच्या परदेशप्रवासाचा पहिला दिवस असा महाराष्ट्रातच संपतो. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर, विमानाला सहा तास. अमरावती ते मुंबई पावणेसातशेच्या आत, तरी अख्खी रात्र.

बर्थवर बसल्या बसल्या प्रत्येकाने पासपोर्ट आणि पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड चाचपलं. ही सुई प्रवासाआधी किमान दहा दिवस टोचावी लागते, आणि कार्ड नसेल तर परत येताना आपलेच लोक अडवतात. आमच्यातला एक पोरगा मोबाइलवरून स्वाहिली घोकत होता. मध्येच आनंदाने ओरडला, "अहो बाई, गाडीले तिकडं 'गारी' म्हनतात!" हा शब्द म्हणे हिंदुस्थानातूनच तिकडे गेला. झोळीशिवाय गेला असणार.

शेगावला एक बाई चढल्या, समोरच्या बर्थवर बसल्या आणि ओळख व्हायच्या आत कचोरीचा पुडा उघडला. त्यांच्यासाठी मी चटणी काढायला गेले, तर बॅगेच्या तळाशी पदराच्या चिंधीत बांधलेली एक गाठ हाताला लागली. मोठीमायची. मी पाहत नसताना तिने सारली असणार. सोडली तर दोडक्याच्या बिया, काळ्या, चपट्या, राख लावून सुकवलेल्या. वजन म्हणाल तर काट्याला कळणारही नाही. पण बियाणं असं परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठेवता येईना, खिडकीतून टाकवेना.

त्या बाई बघत होत्या. "गावरान हाय का?" मी हो म्हटलं. त्यांनी तळहात पुढे केला. कल्याणला राहतात, गॅलरीत दोन रिकाम्या कुंड्या आहेत, लेकाने गुलाब लावला होता तो गेला. मी गाठ तशीच्या तशी हातावर ठेवली आणि दुसरी कचोरी घेतली.

पहाटे जाग आली तेव्हा कल्याण मागे पडलं होतं आणि समोरचा बर्थ रिकामा होता. लोणच्याच्या बरणीला परत तेल सुटलं होतं.