सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि सर्वांत आधी आठवल्या त्या परसबागेतल्या पत्र्याच्या पाट्या. मी आठवीत असताना, प्रत्येक वाफ्यापुढे पिकाचे मराठी आणि शास्त्रीय नाव रंगवून लावण्याचे काम विज्ञानाच्या बाईंनी माझ्याकडे सोपवले होते. भाताला ‘ओरायझा सटायव्हा’ लिहून झाल्यावर मी मुळा, लसूण, कोथिंबीर या सगळ्यांना ‘सटायव्हा’च लावून टाकले.

बाईंनी रॉकेलच्या बोळ्याने त्या पाट्या पुसायला लावल्या आणि शेजारी बसून समजावले, की हे लॅटिन विशेषण आहे आणि आपण ‘पांढरा मुळा, पांढरी काकडी, पांढरे वांगे’ म्हणतो तसेच ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. रॅफॅनस (मुळा) पुल्लिंगी म्हणून सटायव्हस, ओरायझा (भात) स्त्रीलिंगी म्हणून सटायव्हा, अ‍ॅलियम (लसूण) आणि कोरिअँड्रम (कोथिंबीर) नपुंसकलिंगी म्हणून सटायव्हम. लिंग मात्र लॅटिन नामाचे पाहायचे. आपली काकडी स्त्रीलिंगी असली, तरी तिचे नाव क्युक्युमिस सटायव्हसच.

‘सेरेरे’ म्हणजे पेरणे, त्यापासून ‘सतुस’ म्हणजे पेरलेला, आणि त्याला प्रत्यय लागून ‘सतीवुस’. ‘सटायव्हस’ हा उच्चार आपल्याकडे इंग्रजीतून आला. याच्या उलट ‘सिल्व्हेस्ट्रिस’, म्हणजे रानचा. आपल्या शिंदीचे नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस आहे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा पिकवलेल्या कितीतरी वनस्पतींना हे विशेषण मिळाले.

पण लसूण कोणी पेरत नाही, तिच्या पाकळ्या लावतात, ही माझी शंका होती. बाईंना तिचा फार आनंद झाला. मराठीत पेरणे वेगळे आणि लावणे वेगळे. लॅटिनमधल्या त्या एका क्रियापदात दोन्ही सामावतात, असे त्या म्हणाल्या. केशराला तर बी धरतच नाही, त्याचे कंदच लावावे लागतात, तरीही ते क्रोकस सटायव्हसच आहे. म्हणून या विशेषणाचा अर्थ ‘माणसाने लावलेले’ असा घ्यावा, हे मला तेव्हापासून पटलेले आहे.

आता माझी रोपवाटिका आहे. लसणीच्या वाफ्याला लागूनच लसूणघासाचा वाफा आहे, आणि दोन्ही पाट्या मी स्वतः लिहिते : अ‍ॅलियम सटायव्हम, मेडिकागो सटायव्हा.