मुंग्यांची शिस्त, म्हणे

कोल्हापुरात मुंगी आठवते ती गुळाबरोबर. ढेप घरात आली की डबा पाण्याच्या ताटात. पण डब्यापाशी भेटते ती कामावर निघालेली मुंगी. तिला तिच्या घरी गाठायचं तर उकिडवं बसावं लागतं. विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरताना मी असा बसतो आणि फिरायला आलेले लोक थांबतात. "काय पडलंय काय ओ?" "न्हाई, मुंग्या बघतोय." मग त्यांचा चालायचा वेग वाढतो.

मेहनत आणि शिस्त शिकवायला शाळेत मुंगीच पुढं करतात. शिकवणारं कुणी बिळापाशी बसलं असेल असं मला वाटत नाही. परवा नाकतोड्याचा तुटका पाय काही मुंग्या ओढत होत्या. दोघी बिळाकडं, दोघी बरोब्बर उलट्या, आणि एक पायावरच चढून फुकट प्रवासाला. बिळाच्या तोंडाशी तर बऱ्याच जणी नुसत्या उभ्या. तरी पाय सरकत होता. गावच्या लग्नातलं काम असंच उरकतं.

रांग तरी कसली? पुढची वास सोडते, मागची तो हुंगत येते. मधली माती बोटानं पुसली की दोन्हीकडं खोळंबा. मिशांना मिशा लावून चौकशी सुरू. मग एखादी धीट पलीकडं जाते, तिच्यामागून बाकीच्या, आणि तुटलेली वाट पुन्हा लागते. या सगळ्या कामकरी माद्याच. नराला इथं कामच नाही.

घरच्या जास्वंदीवर वेगळाच कारभार. कोवळ्या शेंड्यावर मावा नावाची बारीक कीड रस पीत बसलेली. मुंगी येऊन मिशांनी थापटते, माव्याच्या शेपटाकडं गोड थेंब फुगतो, ती पिते. बदल्यात मावा खाणारा ढालकिडा आला की त्याच्या अंगावर धावून जाते. झाडाचं वाटोळं होतंय, पण औषध मारायला माझा हात उचलत नाही.

भिंतीकडेच्या कोरड्या फुफाट्यात नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. तळाशी एक अळी जबडा वासून दडलेली असते. मोठी झाली की तिला चतुरासारखे पंख फुटतात. काल एक मुंगी तिथं घसरली. खालून मातीचा मारा सुरू झाला. ती चढे, घसरे, पुन्हा चढे. शेवटी कशीबशी काठावर आली, मिशा साफ केल्या आणि तरातरा निघाली. शेजारच्या खड्ड्याकडं.