जुने तारे, नवी दीर्घिका: माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा अनुभव

नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पाचा विषय हट्टाने मागून घेतला: दीर्घिकासमूहाच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या दीर्घिकांच्या जथ्याच्या, मध्यभागची दीर्घिका एवढी अवाढव्य कशी होते? त्यासाठी दुर्बीण लागत नाही. आकाशाचा नकाशा काढणाऱ्या स्लोन सर्वेक्षणाची चित्रं आणि वर्णपट कुणालाही फुकट मिळतात. नेट दमानं चालायचं, म्हणून फाइली रात्री डाउनलोडला लावायचे.

सुरुवात एबेल 2199 या समूहापासून केली. त्याच्या मध्यभागी एनजीसी 6166 ही दीर्घिका आहे आणि तिच्या पोटात एकाहून जास्त गाभे दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, हिने शेजारणी गिळल्यात. सर म्हणाले, "आधी वेग बघ." गाभ्यांच्या वेगांत सेकंदाला शेकडो किलोमीटरचा फरक आहे. एवढ्या वेगाने जाणारा गाभा विलीन होण्याऐवजी नुसता पुढे निघून जाण्याचीच शक्यता जास्त. समूहात दीर्घिका सेकंदाला 1000 किलोमीटरच्या आसपास धावतात, त्यामुळे टक्कर झाली तरी एकजीव होणं अवघड. मध्याशी मात्र गणित बदलतं. जड दीर्घिका कृष्णद्रव्यातून (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या पदार्थातून) जाताना मागे त्याचा दाट पट्टा ओढते, तो तिला मागे खेचतो, वेग घटतो आणि ती हळूहळू मध्याकडे बुडते. बरीचशी विलीनीकरणं तर समूहात येण्याआधी, छोट्या गटांतच उरकलेली असतात.

खरा वेळ खाल्ला तो आकाशाच्या उजेडाने. दीर्घिकेच्या चित्रावर लंबवर्तुळं बसवायची, तो गुळगुळीत नमुना वजा करायचा आणि उरलेल्यात विलीनीकरणाच्या खुणा, म्हणजे ताऱ्यांच्या शेपट्या, कवचं शोधायची, अशी पद्धत. पण अशा दीर्घिकेचा बाहेरचा भाग इतका फिका, की पार्श्वभूमी, म्हणजे आकाशाचा उजेड, जराशी जास्त वजा झाली तरी तिचं मोजलेलं वस्तुमान घटतं. सर्वेक्षणाच्या जुन्या आपोआप मोजणीत नेमकं हेच व्हायचं. म्हणून मी दूरवरचे रिकामे तुकडे निवडून पार्श्वभूमी हाताने मोजली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचा एकही आकडा विश्वासाचा नाही.

मला सगळ्यात भावलं ते वय. अशा मध्यभागच्या दीर्घिकेतले बहुतेक तारे 1000 कोटी वर्षांहून जुने. तरी 2007 सालच्या एका प्रसिद्ध संगणकीय अभ्यासानुसार दीर्घिकेचं निम्मं वस्तुमान गेल्या सुमारे 500 कोटी वर्षांत एकत्र आलं. निजामकाळच्या पडक्या वाड्यांचे दगड जमवून अलीकडे बांधलेलं घर असावं, तसं. वायू नसलेल्या दीर्घिका मिसळल्या तर नवे तारे जन्मत नाहीत, जुन्या ताऱ्यांचा तांबूस रंगच राहतो. छोट्या दीर्घिकांचे तारे बहुतेक बाहेर साचतात, म्हणून वस्तुमानापेक्षा आकार वेगाने फुगतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "गिळलेलं सगळं मधल्या दीर्घिकेतच जातं का?" नाही. बरेच तारे सुटून समूहभर विखुरतात.

आता कोमा समूह घेतलाय. तिथे मध्ये दोन महाकाय दीर्घिका आहेत, कारण तिथे समूहच एकमेकांत मिसळताहेत.