‘तात्पुरतं, नंतर बदलणे’

सकाळी नऊच्या आत ज्युनियर सहकारिणीचा फोन आला. “सर, मॉडेल तेच, उद्दिष्टही तेच, तापमानवाढ 2 अंशांत रोखण्याचं. पण माझा खर्च तुमच्या अडीचपट येतोय.” अहवाल संध्याकाळी पाचला जायचा होता.

आमचं काम असं : ऊर्जा आणि अर्थव्यवस्थेचं मॉडेल एकदा उत्सर्जनावर कसलंही बंधन न घालता चालवायचं, एकदा बंधन घालून. दोन्हींमधल्या 2050 च्या उत्पन्नात जो फरक पडतो, तो हवामान बदल रोखण्याचा ‘खर्च’. म्हणजे दोन न घडलेल्या भविष्यांची वजाबाकी. त्यातलं पहिलं भविष्य तर फारच लाडावलेलं असतं. तिथे कोळसा जळत राहतो, तरी पुरानं, उष्म्यानं, दुष्काळानं काही बिघडत नाही. हे आम्ही नवख्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून स्वतः विसरतो.

ऑफिसला पोचलो तेव्हा तिने कोड ओळीला ओळ लावून तपासला होता. फरक शून्य. मग मला कार्बन पकडून जमिनीत साठवण्याच्या तंत्रज्ञानाचा संशय आला. ते बंद राहिलं की आकडे भडकतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानतज्ज्ञ मंडळाच्या, 2014 च्या अहवालात हवेतले हरितगृह वायू 450 पीपीएमवर (दहा लाखांत 450 भाग) रोखण्याच्या उद्दिष्टासाठी हे तंत्रज्ञान वगळलेल्या मॉडेलांचा खर्च मध्यकाने (मधोमधचा आकडा धरून) 138 टक्क्यांनी वाढला होता. पण दोन्हीकडे ते चालू होतं.

पुढचा संशयित डिस्काउंट रेट, म्हणजे उद्याचे पैसे आजच्या हिशेबात किती कमी धरायचे तो दर. याच्यावरून अर्थशास्त्रज्ञ इतके भांडलेत की मी आधी तोच पाहायला हवा होता. शंभर वर्षांनी होणारं 100 चं नुकसान आजच्या हिशेबात 1.4 टक्के दराने 25 भरतं, 5 टक्क्यांनी एकसुद्धा नाही. निकोलस स्टर्न यांनी 2006 मध्ये 1.4 च्या आसपासचा दर धरला, विल्यम नॉर्डहाउस यांनी त्याहून खूप चढा, आणि ‘आत्ता किती घाई करायची’ याची दोघांची उत्तरं वेगळी आली. नुकसानाचं सोडा, खर्चाचा अंदाजही या दराने हलतो. पवनचक्की किंवा सौर पॅनेलचे जवळजवळ सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात, गॅसच्या प्रकल्पात इंधनाचं बिल वर्षानुवर्षं येत राहतं. दर चढा धरला की उद्याचं बिल किरकोळ दिसतं आणि गॅस आपोआप स्वस्त ठरतो. पण आमच्या दोन्ही रनमध्ये दर 5 टक्केच होता.

दुपारचे अडीच वाजले. जेवण राहिलंच. ती इनपुट फाइली एकेक उघडत होती, आणि सौरऊर्जेच्या फाइलवर थांबली. “सर, ही कुणी लिहिलीय?”

शेअर्ड फोल्डरमधल्या त्या फाइलमध्ये सौर पॅनेलची किंमत दरवर्षी 2 टक्क्यांनी उतरत होती, जगात कितीही पॅनेलं बसवली तरी. या हिशेबाने दहा वर्षांत घट जेमतेम 18 टक्के. प्रत्यक्षात 2010 ते 2019 या काळात सौरऊर्जेचा खर्च 85 टक्क्यांनी पडला. एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेलची किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, हा अनुभव जुना आहे, आणि माझ्या संगणकावरच्या फाइलमध्ये तो होता. ती सुधारलेली फाइल मी फोल्डरमध्ये टाकलीच नव्हती. जुन्या फाइलच्या त्या रकान्याशेजारी शेरा होता : ‘तात्पुरतं, नंतर बदलणे.’ खाली माझी आद्याक्षरं.

ती काही बोलली नाही. तिने चहा मागवला.

दरम्यान त्याच फाइलवर तीन अहवाल बाहेर पडले होते. कुणालाच काही खटकलं नव्हतं, मलाही नाही. आमच्या धंद्यात खर्च कमी आला की दहा जण खोदून विचारतात; जास्त आला तर तो अभ्यास गंभीर वाटतो.

साडेतीनला आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. “बरोबर आकडा कोणता?” त्यांनी विचारलं.

“तिचा टाकून द्यायचा. पण माझाही ‘बरोबर’ म्हणता येणार नाही. किंमत याच वेगाने उतरत राहील, हेसुद्धा गृहीतकच आहे.”

“बैठकीत असं उत्तर चालत नाही.”

थोडी खडाजंगी झाली. त्यांना एक आकडा हवा होता, बाकीचे परिशिष्टात. मला तक्त्यात आकड्याच्या शेजारीच गृहीतक हवं होतं. शेवटी मी 2022 चा आयपीसीसी अहवाल पुढे केला : तापमानवाढ 2 अंशांत रोखली तर 2050 मध्ये जगाचं उत्पन्न 1.3 ते 2.7 टक्क्यांनी कमी, पण तोवर ते 2020 च्या किमान दुप्पट. म्हणजे त्याच श्रीमंतीला फार तर वर्ष-सव्वा वर्ष उशिरा पोचणं, तेही टळलेलं नुकसान हिशेबात न घेता. “तिथेही पल्लाच दिलाय,” मी म्हणालो. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “ठीक आहे, पण तक्ता एका पानात बसवा.”

एका पानात तीन रन बसवताना पाच चाळीस झाले. चाळीस मिनिटांच्या उशिराबद्दल कुणी विचारलं नाही. ती घरी गेली. मी त्या तीन अहवालांच्या लेखकांना मेल लिहायला बसलो. पहिल्या मेलला विषय काय द्यावा, यातच पंधरा मिनिटं गेली.