दौंडची रेंज

"दौंडला कसली आलीय रेंज!" गाडी थांबल्या थांबल्या समोरच्या काकांनी फोन खिशात कोंबला.

मी हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. १९२७ साली इंग्लंडहून येणारे बिनतारी संदेश पकडायचं केंद्र याच दौंडला होतं! पाठवायचं केंद्र मात्र खडकीला. दोन्ही शेजारी ठेवली असती, तर आपल्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात समुद्रापारचा क्षीण सिग्नल बुडाला असता.

मार्कोनीची ही 'बीम' पद्धत. लहरी चहूकडे न उधळता थेट इंग्लंडच्या रोखाने सोडायच्या. तिकडेही तीच वाटणी: ग्रिम्सबीहून पाठवायचं, स्केगनेसला ऐकायचं. (ऐकायचं म्हणजे तारेची कट्टकडकट्ट, गप्पा नव्हेत.)

दौंडकरांनो, तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी ते एरियलचे मनोरे पाहिलेत का?